गरोदर नदीतलं चक्र

आडी महिना लागला की आमच्या तंजावूरकडे नव्या नवरीला माहेरी धाडतात. आडी म्हणजे तमिळ पंचांगातला आषाढ-श्रावणाच्या सांध्यावरचा महिना. कारण विचारलं तर वडीलधारे देवाधर्माचं काहीतरी सांगतात. खरं कारण एवढंच की या महिन्यात दिवस राहिले तर मूल ऐन चैत्राच्या उन्हात जन्माला येतं. हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. माझं लग्न वैशाखात झालं. सासरच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे हे कळू लागलं तोवर आडी उजाडला आणि मला तिरुवैयारुहून उचलून तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत, माहेरी आणून ठेवलं.

नवऱ्यापासून दूर राहायचं मला वाईट वाटत होतं, हे तेव्हा सांगायची सोय नव्हती, म्हणून आता सांगते. फार वाईट वाटत होतं. आणि त्याहून वाईट हे की त्यांना तसं काही वाटत असेल याची मला खात्री नव्हती, कारण त्यांच्याजवळ नदी होती.

आमचे हे मद्रासला जाऊन इंजिनियरी शिकून आले होते. शिकून आल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. इंग्रजांच्या राज्यात इंजिनियर पुष्कळ लागत, पण साहेबाच्या हाताखाली टोपी धरून उभे राहणारे. यांच्या डोक्यात वेगळंच होतं. विजेला धबधबा लागतो, असं सगळं जग म्हणे. म्हैसूरकडे कावेरी उंचावरून कोसळते, तिथे वीज निघते. आमच्याकडे येईतो ती म्हातारीसारखी सपाट चालीने चालते, तिच्यातून काय निघणार? तेव्हा मेट्टूरचं धरण व्हायचं होतं. हे म्हणत, पाणी कोसळायलाच पाहिजे असं नाही. वाहतं आहे ना, मग पुरे. वाऱ्यावर काथाडी फिरते तशी पाण्यात काथाडी फिरवायची. काथाडी म्हणजे आमच्याकडची ताडाच्या पानाची भिरभिरी. ते त्याला टर्बाइन म्हणत, घरात सगळे चक्र म्हणत, आणि सासूबाई "तो पंखा" म्हणत.

लग्नानंतर आमचं पहिलं निवांत बोलणं झालं ते या काथाडीवरच. मला वाटलं होतं, माझ्या गाण्याबद्दल विचारतील, निदान मला काय आवडतं ते तरी. त्यांनी ताडाचं पान फाडून भिरभिरी केली आणि पातं पिळलेलं का हवं ते समजावलं. मुळाशी पातं सावकाश फिरतं, टोकाशी जोराने. म्हणून मुळाशी त्याला पीळ जास्त, टोकाकडे जाता जाता कमी. मी मान डोलावत राहिले. मग ते म्हणाले की नदीकडून सगळा जोर कधी घेता येत नाही. सगळा घेतला तर पाणी चक्रामागे उभंच राहील आणि मागून येणारं पाणी बाजूने निघून जाईल. थोडं घ्यायचं आणि बाकीचं जाऊ द्यायचं, तरच ते पुन्हा येत राहतं. ही गोष्ट माझ्या सासूबाईंना अजून कोणी समजावली नव्हती, असं माझ्या मनात आलं. त्या मला पहाटेपासून सगळी घेत होत्या. त्या दिवसापासून हा माणूस मला आवडू लागला.

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामंजींना, तो इतका आवडत नव्हता. मामंजी तालुका कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. साहेबाच्या सहीची त्यांना दुरून ओळख पटे आणि ती ओळख हेच त्यांचं वैभव. घराला मराठे राजांच्या वेळची जमीन होती, पण राज्य खालसा झाल्यापासून आमच्या लोकांना जमिनीपेक्षा कचेरीचा जास्त भरवसा. मुलगा नदीत लाकडं घालून बसतो हे त्यांना चारचौघांत सांगता येईना. रंगूनला एका लाकडाच्या पेढीत आमचे एक नातेवाईक होते. मामंजींनी त्यांच्याकरवी मुलासाठी कारकुनाची जागा धरली. मला बरोबर न्यायचं नव्हतं; परदेशात बायको कुठे ठेवणार? दोन-चार वर्षं जाऊन येईल, असं सगळे किती सहज म्हणायचे. आमच्या गल्लीत दोन-चार वर्षांसाठी रंगूनला गेलेल्यांच्या बायका होत्या. केस पिकले तरी त्या दोन-चार वर्षंच मोजत होत्या.

मुलगा ऐकेना तेव्हा मामंजींनी दुसरी युक्ती केली. कुठूनसं ऐकून आले की रंगूनची नदी भरती-ओहोटीने दिवसातून दोन्हीकडे वाहते. हे त्यांनी मुलाला जेवताना सांगितलं. तो घास हातात धरून विचारात पडला. दोन्हीकडे वाहते म्हणजे पाती दोन्ही अंगांनी चालणारी हवीत, असं काहीतरी पुटपुटला. मी वाढत होते. मधे दुसरी बाई असती तर मी भांडले असते. नदीशी, तीही रंगूनच्या, भांडायचं कसं?

शेवटी तोड निघाली ती साहेबामुळे. तिरुचीहून एका वीज कंपनीचा गोरा इंजिनियर आमच्या जिल्ह्यात वीजघर कुठे काढावं ते बघायला फिरत होता. ह्यांनी त्याला पत्र लिहिलं आणि तो चक्क येतो म्हणाला. मग मामंजींनी सगळ्यांसमोर निकाल दिला.

"साहेबापुढें दिवा लागला तर राहा. नाही लागला तर आडी सरतांच नागपट्टणमाहून आगबोट."

हे कबूल झाले. मला कोणी विचारलं नाही. पण त्या दिव्यात वात माझीच होती.

साहेबाला दिवस कुठला द्यायचा हा प्रश्न मामंजींनी आणि वाध्यारांनी, म्हणजे आमच्या घरच्या भटजींनी, मिळून सोडवला. आडी महिन्यात नवं काम सुरू करत नाहीत. अख्ख्या महिन्यात शुभ असा एकच दिवस, आडीचा अठरावा. त्या दिवशी कावेरीला नवं पाणी चढलेलं असतं आणि सगळा मुलूख काठावर येऊन तिची पूजा करतो. पाणी भरपूर, मुहूर्त उत्तम, माणसंही आयतीच जमलेली. याहून चांगला दिवस कुठला? ह्यांनाही पटलं. पाण्याचा वेग त्यांनी नारळाची करवंटी सोडून कितीदा मोजला होता. अठराव्या दिवशी तो भरपूर असणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी पाण्यात आणखी काय काय असतं हेही ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आले होते. पण जे आपण देवघरात जाणतो ते कारखान्यात जाणायचं नसतं, अशी काहीतरी आम्हा लोकांची सवय आहे.

चक्राची पाती कोरली ती वीणा घडवणाऱ्या आसारीने, म्हणजे सुताराने. फणसाचं लाकूड आणि त्यातला पीळ त्याच्याइतका कोणाला साधणार, म्हणून हे त्याच्याकडे गेले. पाती त्याने सुरेख केली. पण वीणेच्या टोकाला यळीचं, म्हणजे त्या सोंडेच्या सिंहाचं, तोंड असतं, ते केल्याशिवाय त्याच्या हाताला चैन पडेना. बिनतोंडाचं काम दुकानातून बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? ह्यांनी पुष्कळ हुज्जत घातली. अखेर चक्राच्या मध्यभागी, जिथे पाणी पहिल्यांदा येऊन आपटतं तिथे, डोळे वटारलेली, जीभ काढलेली यळी बसली. वर डांबर फासल्यावर ती आणखी रागीट दिसू लागली.

दोन पडाव, म्हणजे सपाट होड्या, फळ्यांनी जोडून तराफा केला. मधे चक्र पाण्यात बुडालेलं, वर एका मोडलेल्या फिरत्या सिनेमाचा डायनॅमो. चक्र फिरणार सावकाश आणि डायनॅमोला हवी घाई, म्हणून मधे मोठ्या चाकावरून लहान चाकावर पट्टे. तराफा घाटाच्या खालच्या अंगाला दोरखंडांनी बांधला. चक्रापुढे ह्यांनी बांबूची जाळी लावली होती, म्हणजे वाहत येणारी केळीची खुंटं, झावळ्या पात्यांत जाणार नाहीत.

आता सासूबाई पुढे आल्या. आडीतली कावेरी गरोदर असते, हे आमच्याकडच्या पोरीबाळींनाही माहीत. नवं पाणी म्हणजे तिचं भरलेलं पोट. तिला डोहाळे लागतात म्हणून अठराव्या दिवशी चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, गुळाचा आणि दह्याचा भात करून काठावर नेतात. सासूबाई मुलाला म्हणाल्या,

"तिला डोहाळे लागलेत. असल्या बाईच्या पोटांत कोणी पंखा घालतें कां रे?"

मद्रासच्या कॉलेजात ह्याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. वाध्यारांनी पोथ्या चाळून तोडगा काढला. चक्राला परकं मानू नये, घरचंच मानावं, म्हणजे दोष नाही. मग चक्र पाण्याबाहेर उचललं, सासूबाईंनी यळीला हळदकुंकू लावलं, कावेरीला वाहतात तशी काळी पोत तिच्या गळ्यात बांधली, ताडपत्राची कर्णफुलं कानांना अडकवली, आणि तिची ओटीही भरली. जीभ बाहेर काढून ती हे सगळं करवून घेत होती. हे नंतर पोत हळूच सोडवू लागले तेव्हा सासूबाईंनी हातावर चापट मारली.

एवढं झाल्यावर चाचणी झाली आणि दिवा लागला. मी तेव्हा माहेरी होते. मला कळलं ते दूधवाल्याकडून. भर दुपारी लागलेला दिवा बघायला गर्दी लोटली. कोणी बल्बला कापूर ओवाळला. मामंजी काठावर छत्री घेऊन उभे होते आणि कोणी विचारलं तर, माझ्या मुलाचं ते, असं पहिल्यांदाच म्हणाले. मी आईच्या स्वयंपाकघरात वांगी चिरत बसले होते. विळीवरून उठून मी मागच्या अंगणात गेले आणि एकटीच हसले.

मग वाध्यारांना जाळी दिसली.

अठराव्या दिवशी नव्या जोडप्यांनी आपल्या लग्नातल्या माळा नदीत सोडायच्या असतात. वैशाखापासून त्या तशाच जपून ठेवलेल्या असतात, वाळून काड्या झालेल्या. त्या समुद्रापर्यंत जाव्यात. वाटेत अडल्या तर त्या जोडप्याचा संसार अडला, असं मानतात. आता घाटाच्या खालीच बांबूची जाळी. वाध्यार म्हणाले, गावातल्या यंदाच्या सगळ्या लग्नांचं पाप या घरावर येईल. मामंजींनी लगेच हुकूम केला की त्या दिवसापुरती जाळी काढा. हे म्हणाले, मग तराफा घाटाच्या वरच्या अंगाला नेतो. मामंजी म्हणाले, वर काय कमी घाट आहेत? थेट श्रीरंगापासून गावोगाव माळा सुटतात आणि खाली येतात. आपल्या गावच्या माळा सोडून दुसऱ्या गावच्या अडवायच्या, हा शेजारधर्म नव्हे.

मग चार दिवसांनी हे माझ्या माहेरी आले. आडीत जावयाने सासुरवाडीला येऊ नये असं काही नाही, पण आल्यावर बायकोशी बोलायचं कसं, तर मधे माझी आई बसलेली. आई शहाणी. कॉफी आणते म्हणून उठली आणि कॉफीचं बी अजून भाजायचंच असावं इतका वेळ लावला. हे खांबाकडे बघत म्हणाले,

"जाळी काढतों. आपली माळ अडायला नको."

मी म्हटलं, आणि दिवा? ते म्हणाले, पाणी जोरात असेल, माळा पात्यांवरून निसटून जातील. पाती निसरडी केली आहेत. हे सांगताना त्यांचा आवाज परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखा होता. ज्या माणसाने पात्याचा पीळ केसाइतका बरोबर मोजला होता, तो आमच्या माळेपुढे मोजायचं थांबला. मला राग यायला हवा होता. मला एवढं बरं वाटलं की मी मान खाली घातली.

अठराव्या दिवशी आईने आणि मी लवकर गाडी जोडली. रस्ताभर गाड्याच गाड्या, प्रत्येकीत भाताची पातेली. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी पायऱ्या चढून आलेलं, गढूळ आणि भरगच्च. बायका एकमेकींच्या गळ्यात पिवळे दोरे बांधत होत्या. खालच्या अंगाला आमचा तराफा डुलत होता. त्याला केळीचे खांब आणि आंब्याची तोरणं बांधलेली. मधल्या खांबावर बल्ब लागला होता. उजेड फारसा दिसत नव्हता, दिवसाढवळ्या कसा दिसणार, पण आतली तार लाल पिवळी झालेली मला काठावरून दिसली. मी ती बघत राहिले.

साहेब मोटारीतून आला. हातभर जाड गुलाबांचा हार त्याच्या गळ्यात पडला. त्याला खुर्ची दिली, खुर्चीला तोंड दिलं घाटाकडे, कारण मानपत्र वाचणारे मामंजी घाटाच्या बाजूला उभे होते. तराफा साहेबाच्या पाठीशी आला. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मानपत्राच्या वेळी पाहुण्याने दुसरीकडे बघायचं नसतंच.

मामंजींनी मानपत्र इंग्रजीत लिहिलं होतं आणि त्यात काही सोडलं नव्हतं. ते अगस्ती ऋषींच्या कमंडलूपासून सुरू झालं. कावळ्याने कमंडलू लवंडला, कावेरी निघाली, मग ती कूर्गच्या डोंगरातून म्हैसुरात आली, तिथे राजांची स्तुती झाली. साहेबाने घाम पुसला. नदी श्रीरंगाला पोचली, तिथे देवाची स्तुती झाली. मी साहेबाकडे बघत नव्हते. मी पाण्याकडे बघत होते. वरच्या घाटांवरच्या माळा येऊ लागल्या होत्या. मग आमच्या घाटावरच्या सुटल्या. आमची पाळी आली तेव्हा हे तराफ्यावरून धावत आले, दोघांनी मिळून माळा पाण्यात सोडल्या, आणि ते पुन्हा धावत गेले. आमच्या माळा वाळक्या, त्यात जरीची फीत, म्हणून मला ओळखता आल्या. त्या सरळ तराफ्याखाली गेल्या. पलीकडून बाहेर आल्या नाहीत.

आमच्याकडे माळा दोऱ्यात ओवत नाहीत, केळीच्या सोपाच्या वाखाने, म्हणजे खोडाच्या सालींतून काढलेल्या धाग्याने, बांधतात. फूल कुजतं, वाख कुजत नाही. भिजला की आणखी चिवट होतो. हे तंजावूरची कुठलीही बाई सांगेल. तंजावूरच्या कुठल्याही बाईला कोणी विचारलं नव्हतं.

बल्बमधली तार आधी लाल झाली, मग विटकरी. मानपत्र मराठे राजांपर्यंत आलं होतं. माझी आई माझा दंड धरून उभी होती, तिने तो आणखी घट्ट धरला. हे तराफ्यावर आडवे झोपून पाण्यात हात घालत होते. मानपत्रातली कावेरी तिरुवैयारुला पोचली, टाळ्या झाल्या, साहेब उठून वळला, आणि दिवा गेला.

साहेबाने विचारलं की दिवा केव्हा लावणार. मामंजी म्हणाले, सर, लागून गेला.

साहेब माणूस वाईट नसावा. तो हसला नाही. त्याने गळ्यातला हार काढून चपराशाला दिला. चपराशी भाविक, त्या दिवशी हार कुठे टाकायचा असतो हे त्याला कळत होतं. त्याने तो हात जोडून नदीत सोडला आणि तोही तराफ्याखाली गेला.

मग ह्यांनी पंचा कसला, तोंडात सुरी धरली आणि पाण्यात उडी मारली. सासूबाई किंचाळल्या. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. मग पाण्यातून एकेक पेंडी वर येऊ लागली. वरती साहेबाचे गुलाब, खाली तुळशी, तगर, कण्हेर, पिवळे दोरे, अख्खी नदी चक्राच्या आसाला गुंडाळून बसली होती. हे डोकं वर काढायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा जायचे. शेवटी जरीची फीत वर आली. ती त्यांनी तराफ्यावर टाकली नाही. पाण्यात उभ्या उभ्या सुरीने तिचे बारीक तुकडे केले, आमच्या दोन्ही माळांचे, आणि तराफ्याच्या खालच्या अंगाला एकेक तुकडा सोडून दिला. सगळं गाव बघत होतं आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. मी रडत होते. दिवा गेला म्हणून रडते आहे असं सगळ्यांना वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

साहेब भात खाऊन गेला. त्याचा निकाल नंतर मामंजींनी सगळ्यांना सांगितला, आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटत होता. साहेबाचं म्हणणं असं पडलं की नदी विजेसाठी चांगली आहे, पण फार धार्मिक आहे.

मी पुन्हा माहेरी आले. मामंजींनी ट्रंक काढली असं ऐकलं. माझ्या आईने रंगूनला थंडी असते का याची चौकशी सुरू केली, कारण लोकर विणणारी एक बाई ओळखीची होती. मी जेवत होते, गाण्याचा रियाज करत होते, आणि रोज संध्याकाळी ओसरीवर बसून दोन-चार वर्षं म्हणजे किती ते बोटांवर मोजायचा प्रयत्न करत होते. बोटं पुरत होती, धीर पुरत नव्हता.

आडी संपायच्या आधीच हे आले. ओसरीवर उभे राहिले. आई पुन्हा कॉफीला उठली. त्यांच्या हातांना काळं तेल लागलेलं होतं, नखांत शिरलेलं. साहेबाने बोलावून घेतलं होतं. कंपनी तंजावुरात तेलाच्या इंजिनावर वीजघर काढणार होती आणि साहेबाला तिथे माणूस हवा होता. शिकलेले पुष्कळ येऊन गेले, पण प्रत्येकाने आधी खुर्ची कुठे आहे ते विचारलं. साहेबाला घाटावर चारचौघांदेखत पाण्यात शिरलेला माणूस आठवला.

ते राहणार होते. मला ते कळेपर्यंत कॉफी आली. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. नदीतून वीज काढायला निघालेला माणूस आता घासलेटाच्या धुरात उभा राहणार होता. मला हवं होतं ते मला मिळालं होतं आणि त्यांना हवं होतं ते माळांत गुंडाळून गेलं होतं. संसार म्हणतात तो हाच असेल तर तो त्या दिवशी सुरू झाला. मी पुढे होऊन त्यांच्या हाताचं तेल माझ्या पदराने पुसलं. आई दाराशी होती, तरी पुसलं.

मामंजींनी तेलाचं इंजिन कधी मनापासून मानलं नाही. रंगूनला गेला असता तर निदान कपडे स्वच्छ राहिले असते, असं ते म्हणत. पण साहेबाची सही असलेला नेमणुकीचा कागद त्यांनी चौकटीत घालून ओसरीवर लावला. यळी घरी आली. ती माळ्यावर जाईना, कारण सासूबाईंनी तिची ओटी भरलेली; घरचं माणूस माळ्यावर कसं टाकायचं? ती देवघराबाहेर राहिली आणि सणावारी तिलाही कुंकू लागू लागलं.

पुढच्या वर्षी आडीच्या अठराव्याला हे रजा काढून घाटावर आले. खिशातून कात्री काढली. त्या वर्षीच्या नव्या जोडप्यांना थांबवून त्यांच्या माळांचा वाख ते कापू लागले, फुलं सुटी करून देऊ लागले. लोकांना वाटलं, गेल्या वर्षीचा काही दोष असेल, त्याचं हे निवारण. त्याच्या पुढच्या वर्षी लोक स्वतःच घरून कात्री घेऊन आले. काही वर्षांनी वाध्यारांनी त्याला एक मंत्र लावून दिला. मग कात्रीची पूजा सुरू झाली. परगावचे लोक विचारत, ही रीत आमच्याकडे नाही, तुमच्याकडेच कशी? वाध्यार शांतपणे सांगत की फार प्राचीन आहे, अगस्तींच्या वेळची. सासूबाई बाजूलाच असत आणि हो म्हणत.

पुढे मेट्टूरचं धरण झालं. पाणी उंचावरून पाडून त्याची वीज करतात आणि ती तारांवरून आमच्यापर्यंत येते, असं एक दिवस कंपनीने कळवलं. तेलाचं इंजिन बंद पडलं. त्या संध्याकाळी घरात दिवा लागला तेव्हा मामंजी खुर्चीतून म्हणाले, बघ, कावेरीची वीज आली, शेवटी साहेबानेच करून दाखवली. ह्यांनी दिव्याखाली बसून जेवण संपवलं.

त्या वर्षी अठराव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घाटावर बसले होते. समोर एक पोरगी, हळदीचा अंगावरचा पिवळेपणाही न गेलेली, माळ धरून उभी होती आणि हे तिच्या माळेचा वाख गाठीगाठीला कापत होते. इंजिनाच्या धुराने डोळे आता अधू झाले होते, त्यामुळे वेळ लागत होता. खाली नदीत काहीच नव्हतं. मी म्हटलं, आता कशाला कापता? तराफा कधीच मोडला, जाळी नाही, चक्र नाही. माळ आता कशात अडणार आहे?

त्यांनी शेवटची गाठ कापली आणि फुलं त्या पोरीच्या ओंजळीत घातली.

"खालीं कोठें तरी," ते म्हणाले, "कोणी चक्र लावलें असलें तर?"